रेघेचा मालक कोण?

जुन्या चित्रकथांवर दोन महिन्यांपूर्वी लिहिलं आणि पत्रांचा ढीग आला. शब्द वेगळे, पण विचारणं एकच : चित्राखाली नाव नाही, मग काढलं कोणी? त्यातली तीन पत्रं सविस्तर घेतो. एकाला दोन-चार ओळीच पुरतील.

*

प्रश्न : आम्ही न्यू जर्सीत राहतो. शेजारच्या आजोबांनी घर रिकामं करताना माझ्या मुलीला डोनाल्ड डकच्या जुन्या कॉमिक्सचं खोकं दिलं. १९५० च्या आगेमागेचे अंक आहेत आणि सगळ्यांवर नाव वॉल्ट डिस्नेचं. माझी नऊ वर्षांची लेक म्हणते, ‘‘आई, यातली काही बदकं खरी आहेत आणि काही खोटी.’’ मलाही तसंच वाटतं, पण का वाटतं ते सांगता येत नाही. – एक वाचक, एडिसन

उत्तर : आधी लेकीला शाबासकी द्या. सत्तर-पंचाहत्तर वर्षांपूर्वी अमेरिकेतली तिच्याएवढी पोरं अगदी हेच म्हणत होती. त्या अंकांतलं एकही पान डिस्नेनं स्वतः काढलेलं नव्हतं, पण दुसऱ्या कोणाचं नाव छापायचं नाही, असा शिरस्ता होता. मासिक महिन्याला तीस लाखांच्या आसपास खपायचं आणि काढणारा कोण हे घेणाऱ्याला माहीत नसायचं. मग पोरांनीच त्याला नाव दिलं : ‘चांगला बदकवाला’. अंक हातात पडला की पहिलं पान उलटायचं आणि निकाल द्यायचा, आज चांगला आहे किंवा आज नाही.

त्यातली काही पोरं मोठी झाली तरी खोड गेली नाही. कंपनीला पत्रं लिहीत राहिली आणि १९६० च्या सुमारास माणूस सापडला. नाव कार्ल बार्क्स. साठीला टेकलेला, कानानं अधू. चाहत्याचं पत्र हातात पडलं तेव्हा कोणीतरी आपली फिरकी घेतंय असं त्याला वाटलं! १९३५ ते १९४२ तो डिस्नेच्या स्टुडिओत होता. तिथून बाहेर पडला आणि १९६६ ला निवृत्त होईपर्यंत बदकंच काढत बसला. पैशात सूर मारणारा अंकल स्क्रूज त्यानंच १९४७ मध्ये जन्माला घातला. दूरदर्शनवर रविवारी ‘डकटेल्स’ लागायचं तेव्हा तो म्हातारा तुम्हीही पाहिला असेल.

आता खोकं उघडा, पण डोनाल्ड ‘कसा दिसतो’ ते बघू नका. तो सगळ्यांचा सारखाच दिसणार, कारण कंपनीनं प्रत्येकाला तोच नमुना-तक्ता दिलेला. तक्त्यावर जे नव्हतं ते बघा. पाण्यातली होडी बघा, दोरखंडाचा पीळ बघा, मोडक्या देवळाची शिळा बघा. बार्क्स ‘नॅशनल जिऑग्राफिक’चे अंक समोर ठेवून काढायचा, त्यामुळे त्याची होडी खरंच तरंगेल अशी असते. इतरांची होडी ही नुसती होडीची खूण असते. मग चोच. बार्क्सची चोच रबरासारखी वळते. डोनाल्ड चिडला, ओशाळला, खोटं बोलला, हे बोलण्याचा फुगा न वाचता कळतं. रेघसुद्धा पाहा. लवचीक निबची रेघ आहे ती, पोटाखाली जाड होते आणि पाठीवर येता येता केसाएवढी होते. टोनी स्ट्रोबल हा दुसरा कसबी माणूस, त्याचंही काम खोक्यात असणारच. त्याची बदकं गोलसर, प्रसन्न, पण मागची भिंत रिकामी. मी स्ट्रोबलला वाईट म्हणणार नाही. इतकी वर्षं दर महिन्याला पानं भरून देणं म्हणजे काय, ते ज्यानं दिलीत त्यालाच कळतं.

एक सापळा सांगून ठेवतो. निवृत्तीनंतर बार्क्सनं काही गोष्टी नुसत्या लिहून दिल्या, चित्रं स्ट्रोबलनं आणि इतरांनी काढली. सत्तरच्या सुमाराचा अंक खोक्यात निघाला आणि गोष्ट ‘खरी’ पण बदक ‘खोटं’ वाटलं, तर लेकीचा निकाल बरोबरच आहे असं समजा.

तिला खरा सराव द्यायचा असेल तर १९४२ ची चाच्यांच्या खजिन्याची गोष्ट पुनर्मुद्रणात शोधून द्या. चौसष्ट पानं, आणि ती दोघांनी वाटून घेतलेली : बार्क्स आणि जॅक हॅना. कोणतं पान कोणाचं ते तिला पेन्सिलीनं कोपऱ्यात लिहू द्या. बार्क्स तेव्हा या कामात नवखा होता, त्यामुळे सोपं जाणार नाही.

जाता जाता : हा खेळ कॉमिक्सवाल्यांनी शोधलेला नाही. एकोणिसाव्या शतकात जोव्हान्नी मोरेल्ली नावाचे एक इटालियन गृहस्थ होते, वैद्यक शिकलेले. जुनी तैलचित्रं कोणी काढली ते ठरवताना ते मॅडोनाच्या, म्हणजे मेरीमातेच्या, चेहऱ्याकडे ढुंकूनही बघत नसत. कानाची पाळी बघायचे, नखं बघायची. चेहऱ्यावर चित्रकार मन लावून बसतो आणि गुरूची नक्कल करतो. कान काढताना त्याचं लक्ष नसतं, हात आपोआप चालतो. लोक हसले त्यांना. पण कितीतरी संग्रहालयांना पाट्या बदलाव्या लागल्या.

*

प्रश्न : मोबाइलवर फोटो टाकला की चित्रकार सांगणारं काही निघालंय का? – एक वाचक, पनवेल

उत्तर : मी अशी दोन ॲप टाकून पाहिली. एकानं माझ्या स्वतःच्या चित्राखाली ठामपणे एका प्रसिद्ध माणसाचं नाव लिहिलं. सुखावलो, पण उत्तर चूक होतं.

*

प्रश्न : कराडच्या वाड्याची आवराआवर करताना माळ्यावर माझे शाळेतले इंद्रजाल कॉमिक्स सापडले. मुखपृष्ठं आणि पहिली पानं उंदरांनी खाल्लीत. काही अंकांत वेताळ लाकडी बाहुल्यासारखा ताठ, काहींत तालमीतून आल्यासारखा. एकच चित्रकार सुधारत गेला की माणसं वेगळी? – एक निवृत्त शिक्षक

उत्तर : सर, माणसं वेगळी. वेताळ म्हणजे मूळचा अमेरिकन ‘फँटम’. त्याच्या गोष्टी सगळ्या ली फॉकच्या, पण हात बदलत गेले. १९३६ ला सुरुवात रे मूरनं केली. त्याच्या हाताखाली विल्सन मॅकॉय होता, तो महायुद्धाच्या काळात पुढे आला आणि १९६१ मध्ये मरेपर्यंत काढत राहिला. मधे थोडं काम बिल लिग्नान्टेनं सांभाळलं, मग साय बॅरी बसला तो थेट १९९४ पर्यंत. इंद्रजाल सुरू झालं मार्च १९६४ मध्ये. म्हणजे आपल्याकडे मॅकॉयचा शिळा माल आणि बॅरीचा ताजा माल एकाच टोपलीत आला. या महिन्यात पैलवान, पुढच्या महिन्यात पुन्हा बाहुला. आम्ही गिरगावातली पोरं यावर भांडायचो. माझा पक्ष बॅरीचा होता. आता वय झाल्यावर मॅकॉय आवडायला लागलाय, त्याच्या चित्रात एक भाबडेपणा आहे. असो.

पहिलं पान नसलं तरी अडत नाही. मॅकॉयची रेघ विजेच्या तारेसारखी, या टोकापासून त्या टोकापर्यंत एकाच जाडीची. कोपर वाकलं तरी बाहीला चुणी नाही. जंगल नाटकाच्या पडद्यासारखं मागे टांगलेलं. बॅरीची रेघ ब्रशची. दंडावर फुगते, मनगटाशी निमुळती होते, हनुवटीखाली काळा डाग ठेवून देते. आणि गुंड बघा! मॅकॉयचे गुंड सगळे सख्खे भाऊ वाटतात, बॅरीच्या गुंडांना वेगवेगळ्या आया आहेत.

तीन गोष्टींवर मात्र जाऊ नका. रंगावर नको, रंग आपल्या छापखान्याचा. अक्षरावर नको, फुग्यातलं मराठी आपल्याकडच्या माणसानं लिहिलेलं. चौकटींच्या मांडणीवरही नको, कारण मूळ मालिका वर्तमानपत्री पट्टीची. इथं पट्ट्या कापून पानावर बसवल्या. आपल्याकडच्या संपादकांनी गोष्टीतही हात घातला होता. मूळ देशाचं नाव बंगालच्या जवळ जाणारं, ते इथं ‘डेंकाली’ झालं. मुखपृष्ठं तुमच्याकडे उरली असती तर तो हात आणखी वेगळा दिसला असता. ती आपल्या बी. गोविंद यांची, पुढे इंद्रजालचा देशी नायक ‘बहादूर’ ज्यांनी काढला तेच.

आता तुम्ही न विचारलेलं. बॅरीचं म्हणून जे आपण ओळखतो त्यात पेन्सिलीचं पुष्कळ काम जॉर्ज ओलेसन या माणसाचं आहे, आणि वर्षानुवर्षं त्याचं नाव कुठेही नव्हतं. मग आपल्याला तो दिसत का नाही? कारण बॅरी मुळात शाईचा माणूस. आधी अनेक वर्षं त्यानं दुसऱ्यांच्या पेन्सिलीवर शाई दिलेली. छापून येते ती शाई, पेन्सिल रबरानं पुसली जाते. खालचा सांगाडा ओलेसनचा, कातडी बॅरीची, आणि आपण माणूस कातडीवरून ओळखतो. पेन्सिलवाला शोधायचा तर रेघ विसरून उभं राहणं बघावं लागतं : माणूस वजन कोणत्या पायावर टाकतो, दोघं बोलताना किती अंतरावर असतात, घोडा वळताना मान आधी वळते की छाती. शाईवाला हे सहसा बदलत नाही.

*

प्रश्न : माझे वडील १९६८ च्या सुमारास चिपळूणहून मुंबईला गेले आणि ऐतिहासिक चित्रकथांना शाई देण्याचं काम केलं. नाव नेहमी मुख्य चित्रकाराचं, यांचं कधीच नाही. त्याबद्दल ते बोलायचेही नाहीत. तीन पुस्तकं त्यांनी जपून ठेवली होती, पण त्यातली कोणती पानं त्यांची हे कधी सांगितलं नाही. मागच्या वर्षी ते गेले. झेरॉक्स पाठवते आहे. त्यांची टाकांची डबी आहे, आणि किराणा हिशेबाची वही. बाबा डावखुरे होते, याचा काही उपयोग होईल का? – एक वाचक

उत्तर : ताई, तुमचं शेवटचं वाक्य वाचून मी खुर्ची दिव्याजवळ ओढली.

आधी कामाची रीत सांगतो, कारण मीही तेच केलंय. १९७४ पासून सात वर्षं मी एका चित्रकारांकडे शाईला होतो. नाव सांगत नाही, त्यांचं घर त्याच नावावर चाललं आणि माझंही. बाराशे चौरस फुटांचा स्टुडिओ वगैरे मनात आणू नका. चाळीतली खोली, दोन पाट, एक टेबल. चेहरे त्यांचे. नायक, नायिका, शत्रूचा सरदार यांची डोकी ते स्वतः करायचे, शाईसकट. मग पान आमच्याकडे सरकायचं. घोड्यांचे पाय, तटबंदीचे दगड, गर्दीतली पागोटी, झाडं, धूर, दागिने : हे सगळं पोरांचं. पानाला पैसे ठरलेले. पुस्तक छापून आलं की आत कोपऱ्यात तरी नाव दिसेल म्हणून पहिली दोनेक वर्षं मी शेवटच्या पानापर्यंत बघायचो. नंतर बघायचं सोडलं.

म्हणून तुमच्या झेरॉक्सवर मी शिवाजी महाराजांच्या चेहऱ्याकडे बघितलंच नाही, बुरुजाची सावली बघितली.

उजव्या हातानं टाक धरणारा माणूस सावलीच्या तिरप्या रेघा मारतो तेव्हा त्या खाली डावीकडून वर उजवीकडे झुकलेल्या असतात. मनगटाला तेच सोयीचं पडतं. डावखुऱ्याच्या रेघा उलट, वर डावीकडून खाली उजवीकडे. लिओनार्दो दा विंची डावखुरा, त्याची रेखाचित्रं याच खुणेवरून ओळखतात. हाताखालचा पोरगा गुरूचं नाक हुबेहूब उतरवील, पण दगडावरच्या तीनशे बारीक रेघा उलट्या दिशेनं मारायच्या तर संध्याकाळपर्यंत हात मोडेल. कागद फिरवून मारता येतात, हे खरं. पण घाईच्या कामात दर चौकटीला कोण कागद फिरवतो?

तुमच्या पहिल्या पुस्तकात पान ९ ते १६ वर बुरूज, विहीर, वडाचं खोड, पालखीखालची जमीन, सगळीकडे रेघा डावखुऱ्या आहेत. पान १७ वर उलटतात आणि शेवटपर्यंत उलट्याच राहतात. आठ पानं सलग, म्हणजे बहुधा एकाच वेळी हातात दिलेला गठ्ठा. दुसऱ्या पुस्तकात एकही डावखुरी चौकट मला दिसली नाही. ते त्यांनी का जपलं, माझ्याकडे उत्तर नाही. तिसऱ्यात गंमत आहे. तिथं सावल्या उजव्या हाताच्या आहेत, पण पान २१ वर दोन तलवारी भिडतात तिथं ब्रशनं ‘खण्ण्’ लिहिलंय ते बघा. असे आवाज फुग्यातली अक्षरं काढणारा लेटरिंगवाला लिहीत नाही, शाईवाला चित्राबरोबरच ओढून घेतो. त्या ‘ण’ची उभी काठी खाली येताना बाहेर लाथ मारते. तुम्ही पाठवलेल्या हिशेबाच्या पानावर ‘धणे’ आणि ‘साबूदाणा’ लिहिलंय, तिथंही ‘ण’ अशीच लाथ मारतो. मी पैज लावणार नाही, पण भिंग दोनदा फिरवून पाहिलं.

आता यावर किती विश्वास ठेवायचा? माझीच फजिती ऐका. पंधरा-सोळा वर्षांपूर्वी दादरला एका रद्दीवाल्याकडे जुनी चित्रकथा चाळत होतो. पान उलटलं आणि समोर माझे दगड. माझे म्हणजे माझेच. मी दगडाच्या उन्हाकडच्या कडेला एक छोटी फट मोकळी ठेवायचो, रेघ जोडायचो नाही. ती फट तिथं होती. वीस रुपये दिले, घरी आणली, बायकोला दाखवली, चहाबरोबर पुन्हा दाखवली. मग तिनं साल वाचलं : १९८४. मी १९८१ मध्येच ते काम सोडलं होतं. माझ्या जागेवर जो मुलगा बसला त्यानं माझी जुनी पानं समोर ठेवून दगड शिकले असणार, फटीसकट. स्वतःचा हात ओळखायला मी असा चुकलो.

रात्री पुन्हा भिंग घेऊन बसलो तेव्हा फरक दिसला. माझी रेघ फटीपाशी येताना बारीक होत होत संपायची, कारण टाक उचलत उचलत थांबायचो. त्याची फटीपाशी येऊन टुप्पकन तुटलेली. त्याला फट ठेवायची आहे हे माहीत होतं, का ठेवायची ते नव्हतं. निबची रेघ सुरू होते तिथं जाडसर असते आणि सुटते तिथं निमुळती. आकाराची नक्कल होते, सुटण्याची क्वचितच होते.

झेरॉक्समध्ये नेमकं हेच मरतं. निमुळतं टोक एकतर गायब होतं नाहीतर फुगतं. तेव्हा पहिल्या पुस्तकाचं पान १२ आणि तिसऱ्याचं पान २१ चांगल्या स्कॅनरवर ६०० डीपीआयला करून पाठवा. पुस्तक मधोमध दाबून शिवण मोडू नका. हिशेबाच्या वहीतली आणखी चार-पाच पानं पाठवा, घाईत लिहिलेली असतील ती आधी. बाबांनी तुम्हाला शाळेसाठी काही काढून दिलं असेल, भूगोलाचा नकाशा, विज्ञानाच्या वहीतलं फूल, तर ते सगळ्यांत मोलाचं. तिथं वर कोणाचं नाव नव्हतं, गुरूसारखं दिसायची गरज नव्हती.

आणि डबीतले टाक धुऊ नका. निबच्या दोन पात्यांपैकी एक जास्त झिजलेलं असतं, आणि डावखुऱ्याचं कोणतं झिजतं ते मला बघायचंय. वाळलेली शाईही तशीच राहू द्या. डबी टपालानं पाठवू नका, मुंबईला कोणी येणार असेल तर हातानं द्या. नाहीतर गणपतीत मी गुहागरला जातो, वाटेत चिपळूणला उतरेन.